वरच्या अंगाचा गाळ

वाळलेला गाळ कडेने वर वळतो. त्याच्या वरच्या थरात बारीक कण असतात, ते जास्त आकसतात. खालचे जाडे कण कमी आकसतात. त्यामुळे प्रत्येक तुकडा लहानशा बशीसारखा जमिनीपासून सुटतो. लोर्नाने असा एक तुकडा दोन बोटांत धरून उन्हात पाहिला. जाडी नखाएवढी होती. वरची बाजू गुळगुळीत, खाली मेस्कीटच्या काटेरी झाडाच्या पानांचे ठसे. जुलैत डोंगरावर एकदाच पाऊस झाला होता, हा त्या पुराचा गाळ. रस्त्याच्या भरावाला लागून वरच्या अंगाला तो लांबवर पसरला होता. ती भराव चढून रस्ता ओलांडून खालच्या अंगाला उतरली. तिथली माती भुसभुशीत होती आणि तिच्यावर वाऱ्याने ओढलेल्या रेघा होत्या. एकही बशी नव्हती.

तिने तुकडा शर्टाच्या खिशात ठेवला. तो खिशात मोडणार हे तिला माहीत होतं.

खालच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, क्लारिता मावशीचं शेत होतं. डोंगरातून येणारा हा ओढा वर्षभर कोरडा असतो, आणि सपाटीवर पोचला की त्याला पात्रच उरत नाही. पूर येतो तेव्हा पाणी तिथे पंजा उघडल्यासारखं पसरतं. ओढ्याच्या त्या तोंडाशी शेत करायचं. काट्याकुट्यांचे बुटके बांध घालून पाणी हवं तिकडे लोटायचं, ते जिरलं की काठीने भोकं पाडून तेपरी घेवडा पेरायचा, आणि मग आभाळाने दिलं तरच पुढचं पाणी. इथल्या मूळच्या ओओधाम लोकांनी या वाळवंटात विहिरींच्या आधीपासून असंच पिकवलं. डोंगराच्या या बाजूला असं शेत करणारी आता मावशी एकटी उरली होती. लोर्नाची आई लवकर गेली. लोर्ना या शेतातल्या घेवड्यावर मोठी झाली आणि टूसॉन शहरात जाऊन पाण्याचं शास्त्र शिकून आली.

भराव घातल्यानंतरचा हा दुसरा पावसाळा. भरावाचं कारण मावशीच्याच घरात राहत होतं. तिचा धाकटा भाऊ, सिप्रियन मामा, याला दिवसाआड डायलिसिसला जावं लागे, आणि दवाखान्याची व्हॅन याच रस्त्याने येई. पूर्वी ओढा आला की व्हॅन पलीकडे अडकायची. अशाच एका ऑगस्टमध्ये शेजारच्या बर्निसची डायलिसिसची एक खेप चुकली, मग दुसरीही. हेलिकॉप्टर आलं तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर जिल्हा समितीने भराव घालून रस्ता उचलून घेतला. खालून एक नळा टाकला होता, तो पहिल्याच पुरात काटक्यांनी तुंबला. साफ ठेवला असता तरी उपयोग नव्हता. नळ्यातून पाणी धारेने येतं आणि घळ पाडतं, पसरत नाही. रस्ता झाला तेव्हा लोर्ना जिल्ह्याच्या पाण्याच्या कामावर नव्हती. आता होती. पावसाळा संपला की त्या भरावावर डांबर पडणार होतं, आणि समितीचा अध्यक्ष हार्लन तिला मे महिन्यापासून एकच विचारत होता: डांबर टाकू ना? दर वेळी ती म्हणायची, अजून बघतेय.

बघायचं काही राहिलं नव्हतं.

मावशी अंगणातल्या मांडवाखाली बसली होती. मांडीवर पत्र्याचं ताट, ताटात घेवड्याचं बी. एकेक दाणा बोटाने पुढे ढकलत होती.

"बूट झाडून ये," ती मान वर न करता म्हणाली. "परवा तुझ्याबरोबर विंचू आला, तो अजून भाडं न देता राहतोय."

लोर्नाने बूट झाडले. शेजारच्या बरणीचा तळ दिसत होता.

"एवढंच उरलं?"

"गेल्या वर्षी पेरलं ते उंदरांनी खाल्लं. जुलैत पेरलं ते मुंग्यांनी नेलं. त्यांना बोलावून जेवायला घातलं म्हणायचं." तिने एक भोक पडलेला दाणा बाहेर फेकला. "मुठीला पुरेल. मूठ माझी धर, तुझी नको. तुझ्या मुठीत काय, पेन्सिल मावते."

दक्षिणेकडून, सरहद्दीपलीकडून, दमट हवा येत होती. डोंगरावर ढग उभा राहत होता. बूड सपाट, वर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगत चाललेला. ऑगस्ट संपत आला होता. आता पाणी मिळालं तर शेंगा थंडीच्या आत भरतील, यानंतर नाही.

"आज येणार," मावशी म्हणाली.

"येऊ शकतो."

"येऊ शकतो! त्या मुलाने लग्नाचं विचारलं त्यालाही असंच म्हणालीस. बिचारा अजून टूसॉनमध्ये आभाळाकडे बघत बसला असेल."

लोर्ना हसली. मावशी हसली नाही. तिने ताट खाली ठेवलं आणि गुडघा चोळला.

"का येत नाही, मी सांगते तुला. कोणाला बोलले नाही अजून. गेल्या वर्षी सग्वारो निवडुंगाची फळं काढायला गेलो ना, तेव्हा हा गुडघा धरला होता. गर काढून घेतला आणि सालपटं मी मांडलीच नाहीत. बादलीत टाकली आणि बादली रिकामी केली एका झुडपाशी. निम्मी पालथी पडली असतील. लाल बाजू वर नको का? आभाळाला दिसायला नको, की आम्ही तहानलोय म्हणून?"

"मावशी—"

"थांब. यंदा मी मुद्दाम परत गेले. सिप्रियनला म्हटलं चर्चला जाते. तिथे बसून, सरकत सरकत, एकेक साल सुलटी केली. गेल्या वर्षीची जुनी, काळी पडलेली, तीसुद्धा शोधली. गुडघ्याची वाट लागली. तरी पाणी माझ्या शेतापर्यंत येत नाही. डोंगरावर पडतं, मला दिसतं पडताना. वास येतो. आणि इथे नाही." ती शेताकडे बघत होती. "म्हणजे राग माझ्यावरच आहे."

"तुझा काही दोष नाही. हवामान बदललंय, मावशी. ढग उशिरा येतात, कुठे पडतात कुठे नाही. टूसॉनलाही तेच आहे. सगळीकडे तेच आहे."

"मागच्या वेळी पण हेच म्हणालीस."

"खरं आहे ते."

ते खरं होतं. अंगणातल्या पर्जन्यमापकाच्या नोंदी लोर्नाच घेत होती. पाऊस कमी झाला होता, उन्हाळे लांबले होते, जुलैचं वादळ ऑगस्टवर गेलं होतं. पण ओढ्याच्या तोंडाशी पूर यायला जेवढं लागतं तेवढं डोंगरावर दोन्ही वर्षी पडलं होतं. तिचं वाक्य खरं होतं, म्हणूनच ते तोंडातून सहज निघायचं, आणि प्रत्येक वेळी ते बोलून झाल्यावर तिला पाणी प्यावंसं वाटायचं.

"आज नाही आलं तर सोडते मी शेत," मावशी म्हणाली. "जिथे आपण नकोसे झालो तिथे किती फावडं घेऊन उभं राहायचं?"

तिने बी परत बरणीत भरलं, बरणी कडेवर घेतली, फावडं खांद्याला लावलं आणि लंगडत शेताकडे निघाली.

दुपार कलताना व्हॅन आली. चालकाने मामाला हात देऊन उतरवलं, आभाळाकडे बघून "जातो, वादळ गाठेल नाहीतर," म्हणाला आणि वळला. मामाच्या दंडावर पांढरी पट्टी होती आणि चेहरा त्याच रंगाचा. लोर्नाने त्याला मांडवाखालच्या खुर्चीत बसवलं, रोटीत थोडं मांस गुंडाळून दिलं.

"घेवडा नाही?"

"तुला चालत नाही तो."

"डॉक्टरीण म्हणते चालत नाही. ताई म्हणते डॉक्टरणीने आयुष्यात चांगला घेवडा खाल्लेला नाही. मी दोघींचं ऐकतो. डॉक्टरणीसमोर डॉक्टरणीचं." त्याने एक घास घेतला आणि बाकीचं मांडीवर ठेवलं. "तुझ्या बुटांचे ठसे दिसले रस्त्याशी. दोन्ही अंगांना."

लोर्ना रोटीचं फडकं घडी घालू लागली.

"मी खिडकीशी बसतो," मामा म्हणाला. "जुलैत पूर आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो त्या रस्त्याने. वरच्या अंगाला तळं. बदकं उतरायची बाकी होती. खालच्या अंगाला धूळ. शाळेत मला भूगोलात नापास केलं होतं, पण तेवढं कळलं."

"मग मावशीला का नाही सांगितलंस?"

"तू का नाही सांगितलंस?"

डोंगरावर पहिली गडगड झाली. मांडवाच्या काठ्यांवरून धूळ खाली आली.

"ती स्वतःला दोष देतेय," लोर्ना म्हणाली. "सालपटांवरून."

"माहीत आहे. चर्चला जाते म्हणाली आणि गुडघ्याला लाल माती घेऊन आली. आमच्या चर्चला फरशी आहे." तो हसायला गेला, पण हसण्यासारखा आवाज निघाला नाही.

"मामा, रस्ता खाली घेतला, जमिनीच्या पातळीला, तर पाणी वरून जाईल. पूर असेल तेवढा वेळ व्हॅन थांबेल. बहुतेक वेळा काही तासच. मग गाळ काढावा लागेल. कधी एखादा दिवस जाईल. मी पन्नास वेळा हिशेब केला—"

"मला विचारू नकोस."

"मी विचारत नाहीये."

"विचारते आहेस. जुलैपासून डोळ्यांनी विचारते आहेस, मला वजनकाट्यावर ठेवल्यासारखं बघतेस. मग ऐक. विचारलंस तर मी म्हणेन, रस्ता राहू दे. बर्निसला मी शेवटच्या दिवशी बघितलं. बोटाने दाबलं तर पायात खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. श्वास घेताना ती घोड्यासारखी आवाज करत होती." तो पट्टीवर हात फिरवत होता. "मी शूर नाही, पोरी. शूर असतो तर ताईला मीच सांगितलं असतं. तुला काय ठरवायचं ते ठरव. पण 'मामाने सांगितलं म्हणून' असं नको. मी सांगणार नाही. आणि नंतर माझ्याकडे येऊन 'चुकलं का मामा' असंही विचारू नकोस."

लोर्नाला त्याचा राग यायला हवा होता. पण आला नाही. खिशातल्या गाळाचा तुकडा मोडला होता. कापडातून त्याच्या कडा तिला टोचत होत्या.

वारा अचानक फिरला. इतका वेळ तो ढगाकडे वाहत होता, आता ढगाकडून आला, गार, आणि त्याच्या पुढे धुळीची तपकिरी भिंत. क्रिओसोटच्या झुडपांचा वास आधी पोचला, मग धूळ. लोर्नाने मामाला घरात नेलं, दार लावलं, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि शेताकडे धावली. डोंगर दिसेनासा झाला होता. त्याच्या जागी करडा पडदा आणि त्या पडद्यात विजेच्या फांद्या. अंगावर मोजके, जड थेंब पडले, धुळीने मळलेले. सपाटीवर तेवढाच पाऊस होता. खरा पाऊस वर पडत होता.

मावशी शेताच्या माथ्याशी, झुडपी बांधाजवळ उभी होती. बांधाच्या काट्या तिने नव्या खोचल्या होत्या आणि पाणी आत घ्यायची फट मोकळी करून ठेवली होती. धूळ उडून गेली. वारा पडला.

"ऐक," ती म्हणाली.

दुरून आवाज येत होता. आधी तो रस्त्यावरून ट्रक गेल्यासारखा वाटतो, मग त्यात दगड गडगडल्याचा आवाज मिसळतो. ओढा आला होता. मावशीने फावडं दोन्ही हातांनी धरलं. तिच्या चेहऱ्यावर सगळं होतं. सत्तरीतली बाई एकदम नव्या नवरीसारखी दिसत होती, आणि लोर्नाला तिच्याकडे बघवेना.

"मोठा आहे," मावशी कुजबुजली. "मोठा आहे गं. बाजूला हो, पायात लाकडं येतील."

आवाज जवळ आला. खूप जवळ. मग तो आडवा गेला. भरावाच्या पलीकडून, रस्त्याच्या कडेकडेने, पूर्वेला सरकत गेला आणि लहान होत गेला. नळ्याच्या तोंडातून बोटाएवढी धार आली. वाळूने ती तिथल्या तिथे पिऊन टाकली.

कुठेतरी मागे एक बेडूक ओरडायला लागला. गडगडाटाने ते जमिनीतून वर येतात, पाणी आलं समजून.

मावशी बराच वेळ त्या फटीकडे बघत राहिली. मग तिने वाकून, गुडघा सावरत, एक काटेरी फांदी उचलून फट बुजवली.

"बरं," ती शेताला म्हणाली. "कळलं."

"मावशी."

"सिप्रियनला सांगू नकोस मी रडले म्हणून. आज त्याचा थकलेला दिवस असतो." तिने ओढणीने नाक पुसलं. बरणी वाळूत ठेवली होती, ती उचलून लोर्नाच्या हातात दिली. "ही तू घेऊन जा. टूसॉनला नाहीतर कुठे तरी. तुझ्या हातावर राग नसेल. माझ्या हाताने आता ते मरतंय."

बरणी हलकी होती. आतलं बी काचेवर खळखळलं. लोर्नाने ती घेतली, आणि घेताना तिला वाटलं की आपण आत्ता, या क्षणी, चोरी केली आहे.

रस्त्यावर दिवे दिसले. पांढरी पिकअप भरावावरून सावकाश आली आणि त्यांच्या समोरच थांबली. हार्लन उतरला, भरावाच्या कडेशी गेला, पलीकडे वाकून पाहिलं आणि दोन्ही हात पसरले.

"थेंब नाही!" तो खालच्या दोघींना ओरडून म्हणाला. "एक थेंब ओलांडला नाही! बघितलंस लोर्ना? पलीकडे समुद्र झालाय आणि इथे माझे बूट कोरडे! क्लारिताकाकू, कशा आहात? तुमच्या भावाला म्हणावं, आता शंभरी गाठा, व्हॅन थांबणार नाही!"

"त्यालाच सांग," मावशी म्हणाली.

सिप्रियन मामा घरातून बाहेर आला होता. कुंपणाच्या खांबाला धरून तो उभा होता, हाकेच्या अंतरावरच. इतकं चालणंही त्याला आज जड होतं.

"काका!" हार्लनने हात हलवला. "आत्ता निघायचं म्हटलं तरी जाऊ शकता, आहात कुठे!"

"आत्ताच आलोय तिथून," मामा म्हणाला. "एवढं कौतुक नको."

हार्लन हसत हसत भराव उतरून आला. चांगला माणूस होता तो. बर्निस त्याची आत्या होती. त्याच्या आनंदात खोटं काही नव्हतं, आणि तेच लोर्नाला सर्वात कठीण गेलं.

"शनिवारी बैठक आहे," तो तिला म्हणाला. "ठेकेदार विचारतोय. आज तू डोळ्यांनी बघितलंस, आता आणखी काय बघायचं राहिलं? डांबर म्हणू ना?"

'अजून बघतेय' हे शब्द तिच्या तोंडात तयार होते. तिने मामाकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याने मान खाली घातली होती आणि दुसऱ्या हाताने दंडावरची पट्टी झाकली होती, थंडी वाजल्यासारखी. मावशी फावड्याचं पातं बुटाने पुसत होती. उद्यापासून ते लागणारच नव्हतं, तरी ती ते नीट पुसून ठेवणार होती.

लोर्नाने बरणी मावशीच्या हातात परत दिली.

"ही धर. तुझी आहे."

"मी तुला दिली ना?"

"धर, मावशी." मग ती हार्लनकडे वळली. तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला, कुंपणापर्यंत जाईल एवढा. "डांबर नको. भराव इथे काढायचा, या शेतासमोरचा सगळा, आणि रस्ता जमिनीच्या पातळीला आणायचा. पाणी त्यावरून जाऊ दे. या शेताचं पाणी आभाळाने नाही अडवलं, हार्लन, दोन वर्षं आपण अडवलंय, आणि हे मला जुलैपासून माहीत आहे. पूर असेल तेव्हा व्हॅन थांबेल. पावसाळ्यात मामाची सोय गावात, दवाखान्याजवळ करावी लागेल, आणि अवेळी पूर आला तर तरीही एखादी खेप चुकेल. तेही मला माहीत आहे. तरी रस्ता इथे फोडायचा."